दोन उलटे स्वल्पविराम

इंग्रजी भाषा शिकविणाऱ्याच्या तांबड्या शाईचा मोठा वांटा शब्दांवर खर्च होतो, त्याहून थोडा कमी व्याकरणावर, आणि उरलासुरला थेंब विरामचिन्हांच्या वांट्यास येतो. शब्द चुकला तर अर्थ बिघडतो, व्याकरण चुकलें तर हंसें होतें. पण चिन्ह चुकलें तर काय होतें? कांहींच होत नाहीं, असें विद्यार्थ्यांस वाटतें, आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळ शिक्षकांसही तसेंच वाटतें. स्वल्पविराम, अर्धविराम इत्यादिकांच्या बाबतींत हें मत आम्ही फारसा वाद न घालतां सोडून देऊं. परंतु अवतरणचिन्हांची गोष्ट निराळी आहे. इतर चिन्हें वाक्य कसें वाचावें तें सांगतात. हें चिन्ह तें वाक्य कोणाचें आहे तें सांगतें. वाचनाच्या शिस्तीचा प्रश्न येथें संपतो आणि मालकीचा प्रश्न सुरू होतो. मालकीचा प्रश्न आला, कीं शेतीच्या बांधावर काय आणि कागदावर काय, माणसानें जपूनच पाऊल टाकावें हें बरें.

राळेगांव हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव, मुलूख कापसाचा. येथें आमच्या वर्गांत येणारीं मुलें घरीं वऱ्हाडी बोलतात, शाळेंत पुस्तकी मराठी लिहितात, बाजारांत हिंदीवर निभावून नेतात, आणि इंग्रजीची व त्यांची भेट या तिन्ही पायऱ्या चढून गेल्यावर होते. अनेक वर्षें त्यांच्या वह्या तपासतांना आम्हांस असें दिसून आलें आहे, कीं अवतरणचिन्हांच्या त्यांच्या चुका तीन प्रकारच्या असतात. आणि त्या तिन्हींच्या मुळाशीं आळस नसून कांहीं ठाम समजुती असतात. समजूत कळल्यावांचून चूक दुरुस्त करूं जाणें म्हणजे मूळ ठेवून तण खुडण्यासारखें आहे. म्हणून त्या समजुतींचा आधीं विचार करूं.

पहिली समजूत अशी, कीं अवतरणचिन्ह हा एक दागिना आहे. महत्त्वाच्या शब्दाच्या दोन्ही कानांत तो घातला, कीं शब्द शोभून दिसतो आणि परीक्षकाच्या डोळ्यांत भरतो. ही समजूत मुलांनीं आपण होऊन शोधून काढलेली नाहीं. ती त्यांनीं बाजारांतून घेतली आहे. दुकानाच्या पाटीवर “ताजे” दूध, खाणावळीच्या भिंतीवर “शुद्ध” शाकाहारी, निवडणुकीच्या फलकावर “लोकप्रिय” उमेदवार, अशीं विशेषणें दोन्ही बाजूंस चिन्हें लावून कोणत्याही गांवच्या रस्त्यांत उभीं असतात. पाटी रंगविणाराचा हेतु निर्मळ असतो; त्याला त्या शब्दावर जोर द्यावयाचा असतो. परंतु इंग्रजींत, आणि आतां छापील मराठींतही, एका सुट्या विशेषणाभोंवतीं हीं चिन्हें आलीं, कीं त्यांचा अर्थ नेमका उलट होतो. असें दुसरा कोणी म्हणतो, आम्ही नव्हे, असें तीं बोलूं लागतात. दुधाला ताजें म्हणणारा दुकानदार जणूं स्वतःच त्याच्या ताजेपणाविषयीं हात झटकतो. आणि उमेदवाराच्या लोकप्रियतेविषयीं त्याचेच अनुयायी शंका घेतात. शब्दावर जोर द्यावयाचा तर तिरपा ठसा आहे, अधोरेखा आहे. आणि या दोहोंहून उत्तम म्हणजे वाक्यांत त्या शब्दाला दिलेली योग्य जागा आहे.

दुसरी समजूत याहून खोल आहे, आणि तिच्या मुळाशीं आपली मायबोली आहे. ‘ही सेड दॅट “आय ॲम इल”’ असें वाक्य आमच्या वर्गांत दरवर्षीं जन्मास येतें. इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीनें तें एकाच वेळीं दोन होड्यांत पाय ठेवून उभें आहे. इंग्रजीनें दोन मार्ग ठेविले आहेत. एक तर बोलणाराचे शब्द जसेच्या तसे चिन्हांत ठेवावे; मग ‘दॅट’ला तेथें काम नाहीं. नाहीं तर ‘दॅट’ घालून तें बोलणें आपल्या वाक्यांत मिसळून घ्यावें; मग ‘आय’चा ‘ही’ झाला पाहिजे, ‘ॲम’चा ‘वॉज’ झाला पाहिजे, आणि चिन्हें गेलीं पाहिजेत. मराठींत मात्र ‘रामा म्हणाला, कीं मी आजारी आहें’ हें वाक्य अगदीं निर्दोष आहे. त्यांतील ‘मी’ रामाचा, सांगणाराचा नव्हे, हें लहान मुलालाही समजावून द्यावें लागत नाहीं. हा ‘कीं’ फारसींतून आला असें भाषापंडित मानतात. पण तो आल्यामुळें आपल्या वाक्याची जुनी राहणी बदलली नाहीं. संस्कृतांत दुसऱ्याचे शब्द आधीं ठेवून मागून ‘इति’ म्हणत. मराठींत ‘असें’ आणि ‘म्हणून’ हे शब्द तेंच काम करतात. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेस पैनगंगा ओलांडून तेलंगणांत गेलें, तर तेलुगूंतील ‘अनि’ हा शब्दही तसाच उद्गाराच्या शेवटीं येऊन बसतो.

तात्पर्य इतकेंच, कीं उद्गार कोठें संपला तें दाखविण्याचें काम या भूमीवर कानाला ऐकूं येणाऱ्या शब्दानें केलें; इंग्रजीनें तें डोळ्याला दिसणाऱ्या खुणेवर सोंपविलें. ‘ही सेड’ या शब्दांनीं कोण बोललें तें कळतें, पण त्याचें बोलणें कोठें संपून लेखकाचें कोठें सुरू झालें, तें चिन्हांवांचून कळत नाहीं. ज्याच्या कानांत ‘असें म्हणाला’ जन्मापासून मुरलें आहे, त्याला डोळ्यांची ही खूण अनावश्यक वाटली तर नवल नाहीं. म्हणून ‘ही सेड दॅट’वाल्या मुलास मूर्ख ठरविण्याचें कारण नाहीं. तो इंग्रजी शब्दांनीं शुद्ध मराठी वाक्य लिहीत असतो, एवढेंच.

मराठींत हीं चिन्हें आलीं तीं इंग्रजांच्या बरोबर, आणि त्यांस आणणाराचें नांवही आपणांस ठाऊक आहे. मोडी लिहिणारा आधीं कागदावर आडवी रेघ ओढी व मग तिला लोंबकळत अक्षरें काढीत जाई. शब्दाशब्दांत अंतर सोडण्याचीच चाल नव्हती, मग खुणा कोठून येणार? बाळबोध पोथ्यांत एक दंड आणि दोन दंड, इतकाच संसार. मोल्सवर्थसाहेबांच्या १८३१ च्या कोशाच्या कामांत हातभार लावणारे मेजर टॉमस कॅन्डी यांनीं १८५० मध्यें ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हें लहानसें पुस्तक काढून या खुणांची मराठीला रीतसर ओळख करून दिली. आज ज्यांच्यावांचून मराठी मजकूर उघडावाघडा वाटतो, त्या चिन्हांचें आपल्याकडील वय पावणेदोनशें वर्षांच्या आसपास आहे. भाषेच्या आयुष्यांत हा काळ म्हणजे कांहींच नव्हे.

या चिन्हाचें मराठी नांव मात्र, तें कोणीं ठेविलें असेल त्याच्या बुद्धीची साक्ष देतें. इंग्रज त्यास ‘उलटे स्वल्पविराम’ म्हणतो. कारण छापखान्यांत खिळे जुळविणारे लोक स्वल्पविरामाचाच खिळा उलटा बसवून आरंभींचें चिन्ह साधीत. नांवांत कारागिरी आहे, अर्थ नाहीं. हिंदींत त्यास उद्धरणचिन्ह म्हणतात; उद्धरण म्हणजे उचलून वर काढणें. मराठींत अवतरण, म्हणजे खालीं उतरणें. अवतार घेतांना देव आपला प्रतिनिधि पाठवीत नाहीं, आपला सारांशही पाठवीत नाहीं. तो स्वतः उतरतो. त्याचप्रमाणें या चिन्हांच्या आंत बोलणाराचे शब्द स्वतः उतरले पाहिजेत. त्यांचा आशय उतरला, त्यांचा थाट उतरला, तरी तें अवतरण नव्हे. नियमांचीं दहा पानें पाठ करण्यापेक्षां विद्यार्थ्यानें हा एक मराठी शब्द नीट समजून घेतला, तर अधिक काम होईल.

इंग्रजीलाही हें शहाणपण जन्मतः आलेलें नाहीं. १६११ च्या सुप्रसिद्ध इंग्रजी बायबलांत अवतरणचिन्हें नाहींत. कोण बोललें तें शब्दांनीं सांगितलें आहे, आणि पुढचें वाचकाच्या विवेकावर सोडलें आहे. जुन्या हस्तलिखितांत लक्ष देण्याजोग्या मजकुराशेजारीं समासांत बाणाच्या टोंकासारखी खूण करीत. छपाई आल्यावर तिच्या जागीं स्वल्पविराम आले, तेही प्रथम समासांतच. अठराव्या शतकांत कादंबऱ्यांतील संवाद वाढले तसे ते ओळींत शिरून स्थिरावले. कांहीं काळ तर अवतरण चालू असेपर्यंत प्रत्येक ओळीच्या आरंभीं चिन्ह छापीत. लांब उतारा अनेक परिच्छेदांचा असेल तर प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभीं चिन्ह उघडावें, पण मिटावें तें शेवटच्या परिच्छेदाच्या अखेरीसच, ही आजची रीत त्या जुन्या चालीची आठवण करून देते.

आतां एकेरी कीं दुहेरी, आणि पूर्णविराम आंत कीं बाहेर, हे प्रश्न विद्यार्थी फार काकुळतीनें विचारतात. त्यांचें उत्तर थोडक्यांत देतां येतें. इंग्लंडांतील पुस्तकें बहुधा बाहेर एकेरी चिन्हें लावून पोटांतील अवतरणास दुहेरी लावितात. अमेरिकेंत नेमकें उलट आहे. अमेरिकन मुद्रक स्वल्पविराम आणि पूर्णविराम चिन्हाच्या आंतच घेतात, मग तो मूळ बोलणाराचा असो वा नसो. इंग्रजी पद्धतींत बहुधा तो ज्याचा असेल त्याच्याकडे राहतो. फौलर बंधूंनीं १९०६ मध्यें ‘द किंग्ज इंग्लिश’ या ग्रंथांत अर्थाला धरून चालण्याचा पक्ष घेतला. आमचाही कल तिकडेच आहे. चिन्हांच्या आंत दुसऱ्याची ठेव आहे, तर तिच्यांत आपलें टिंबसुद्धां कां मिसळावें? पण या कारणावरून आम्ही कोणाचा गुण कापीत नाहीं. हा छापखान्यांचा शिष्टाचार आहे. तो देशपरत्वें बदलतो. एका लेखांत एकच रीत पाळली म्हणजे पुरे. टंकयंत्रांत तर उघडण्याचें व मिटण्याचें चिन्ह एकाच कळीवर असे, उभें आणि सरळ. तेवढ्यानें कोणाच्या बोलण्याची मालकी बदलली नाहीं.

मालकी बदलते ती तिसऱ्या समजुतीनें, आणि ती गंभीर आहे. निबंधांत थोरांचीं वचनें घातलीं कीं गुण मिळतात, असें मुलांस कोणीतरी शिकविलेलें असतें. परीक्षेच्या घाईंत वचन आठवतें तर धनी आठवत नाहीं, धनी आठवतो तर वचन आठवत नाहीं. दोन्ही प्रसंगीं मुलगा अडून राहत नाहीं. तो आपल्या इंग्रजींत एक वाक्य रचतो, भोंवतीं दुहेरी चिन्हें लावतो, आणि शेक्सपियर, विवेकानंद किंवा आंबेडकर यांपैकीं एकाच्या नांवावर तें जमा करतो. उलट, मार्गदर्शक पुस्तकांतून पाठ केलेलीं पानेंच्या पानें तो चिन्हांवांचून स्वतःचीं म्हणून उतरवितो. ज्याचें नाहीं त्यास देणें आणि ज्याचें आहे त्यास न देणें, हीं दोन्ही पापें एकाच घरचीं आहेत.

परंतु मुलांस हंसण्याआधीं मोठ्यांकडे पाहावें. फौलर बंधूंचा ग्रंथ निघाला त्याच वर्षीं, म्हणजे १९०६ मध्यें, इव्हलिन बीट्रिस हॉल या विदुषीचें व्होल्तेअरच्या स्नेह्यांविषयींचें पुस्तक टोपणनांवानें प्रसिद्ध झालें. तुमचें म्हणणें मला पटत नाहीं, पण तें म्हणण्याचा तुमचा हक्क मी प्राणपणानें राखीन, अशा अर्थाचें एक वाक्य त्यांनीं व्होल्तेअरची वृत्ति दाखविण्यासाठीं स्वतः रचलें आणि अवतरणचिन्हांत ठेविलें. ते शब्द आपले आहेत, व्होल्तेअरचे नव्हेत, हें त्यांनीं पुढें स्पष्ट केलें. पण चिन्हें छापून गेलीं होतीं. जगानें बाईंचें स्पष्टीकरण वाचलें नाहीं, चिन्हें वाचलीं. व्होल्तेअरच्या नांवावर आज जें वाक्य सर्वांत अधिक फिरतें, तें त्याच्या लेखनांत सांपडत नाहीं! एका व्यासंगी लेखिकेच्या दोन उलट्या स्वल्पविरामांनीं जर एवढें केलें, तर हल्लीं फोनवरून रोज सकाळीं येणारे सुविचार काय करीत असतील याची कल्पना करावी. चित्र थोर पुरुषाचें, चिन्हें दुहेरी, आणि वाक्य कोणा निनावी कारागिराचें. तो थोर पुरुष हयात नसतो, म्हणून तक्रार करावयास येत नाहीं.

आपल्या भाषेला या धोक्याची जाणीव नव्हती, असें मात्र कोणीं समजूं नये. तिच्याजवळ ‘म्हणे’ हा एक विलक्षण शब्द आहे. राळेगांवाजवळ रावेरी येथें सीतेचें मंदिर आहे. वनवासांत एकटी राहिलेली सीता लवकुशांसाठीं गांवांत गहूं मागावयास आली, गांवानें ते दिले नाहींत, आणि या मातींत गहूं पिकणार नाहीं असा तिनें शाप दिला, अशी कथा तेथें सांगतात. ही कथा वऱ्हाडींत ऐकावी. सीतामाय आली म्हने, गहू मांगतले म्हने, कोनी देल्ले नाही म्हने. त्या एका शब्दानें सांगणारी आजी बजावीत असते, कीं हें मीं पाहिलेलें नाहीं, ऐकलेलें आहे. ज्यांनीं मला सांगितलें त्यांच्या भरंवशावर मी तुम्हांस सांगतें. ‘म्हणे’ ही जबाबदारी प्रामाणिकपणें खालीं ठेवण्याची रीत आहे, आणि अवतरणचिन्ह ही जबाबदारी डोक्यावर घेण्याची रीत आहे. चिन्ह लावणारा म्हणतो: शब्द हेच होते, याच क्रमानें होते, आणि मी साक्षीदार आहें. रावेरीची आजी सीतेच्या तोंडीं शब्द घालते, पण साक्ष देण्याचा आव आणीत नाहीं; सुविचार पाठविणारा साक्ष देतो, आणि त्यानें कांहींच ऐकलेलें नसतें. या दोघांत सुशिक्षित कोण, तें वाचकांनींच ठरवावें.

जबाबदारी डोक्यावर घेणारेही याच मुलखांत होऊन गेले आहेत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें थोर स्थान. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनीं श्रीचक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, त्या ज्यांनीं पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, त्यांस विचारून, नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन. दोघांच्या आठवणींत फरक पडला तेथें तो फरकही परंपरेनें नोंदून ठेविला. केसोबासांनीं स्वामींच्या वचनांचा ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला, तोही याच निष्ठेनें. त्या पोथ्यांत अवतरणचिन्ह औषधालाही नव्हतें. कॅन्डीसाहेब यावयास अजून साडेपांचशें वर्षें होतीं. पण त्या चिन्हाचा जो धर्म आहे तो त्यांनीं पुरा पाळला. यावरून असें दिसतें, कीं चिन्ह परकें असलें तरी त्यामागची निष्ठा परकी नाहीं. आणि मुलांस हें सांगितलें म्हणजे इंग्रजी व्याकरणाचा हा धडा त्यांस परक्याची सक्ति वाटेनासा होतो.

या निष्ठेची कसोटी पुस्तकांपेक्षां ठाण्यांत आणि कचेरींत अधिक लागते. पोलिसांपुढचा मराठी जबाब ‘समक्ष विचारल्यावरून सांगतों, कीं’ अशा थाटानें सुरू होतो व सर्व प्रथमपुरुषीं चालतो. त्यांतील ‘मी’ शेतकऱ्याचा असतो, वाक्यें लिहून घेणाराचीं. जिनें जन्मांत ‘सदर इसम’ हे शब्द उच्चारले नाहींत, तीही जबाबांत सदर इसमानें आपणांस शिवीगाळ केल्याचें सांगते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेंही, तपासांतील अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेऊं नये असें म्हटलें आहे, आणि न्यायालयांतील त्याचा उपयोगही फार मर्यादित ठेविला आहे. उलट मरणोन्मुख माणसाचें बोलणें पाहा. नागपुरांत घडलेल्या एका खुनाच्या खटल्यांत, खुशालराव विरुद्ध मुंबई राज्य या १९५७ च्या निकालांत, सर्वोच्च न्यायालयानें असें तत्त्व सांगितलें, कीं योग्य दंडाधिकाऱ्यानें प्रश्नोत्तररूपानें आणि शक्य तोंवर बोलणाराच्याच शब्दांत टिपून घेतलेल्या मृत्युपूर्व जबाबाचें मोल, माणसाच्या स्मरणावर अवलंबून असणाऱ्या तोंडी पुराव्याहून पुष्कळ अधिक आहे. एखाद्याच्या फांशीचा निर्णय ज्यावर व्हावयाचा, तेथें न्यायालय शब्द कोणाचे हें पाहतें. आमच्या वर्गांतल्या व्याकरणाचा आणि त्या निकालाचा नियम एकच आहे.

आणि याहून जवळची गोष्ट सांगावयाची तर, आमच्या जिल्ह्याचें नांव गेल्या कित्येक वर्षांत देशभरच्या वर्तमानपत्रांतून गाजलें तें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें. मागें राहिलेल्या बाईकडे लिहिणारे लोक येतात, आस्थेनें विचारतात, आणि दुसऱ्या दिवशीं तिचें बोलणें चिन्हांत छापून येतें: “कर्जाच्या वाढत्या बोजामुळें ते मानसिक तणावाखालीं होते,” अशा धर्तीचें. इकडे खेड्यांत अशी कोणी बोलत नाहीं. “बोलतच नोते ना ते, मी काय सांगू?” असें ती म्हणाली असेल, किंवा नुसती मान हलविली असेल. छापलेल्या वाक्यांत खोटें असें कांहीं नाहीं. कर्ज होतें, तणावही होता. पण तिनें दिलेलें जें खरें उत्तर, कीं घरांतला माणूस बोलेनासा झाला होता आणि तिला कांहीं कळलें नाहीं, तें त्या नीटनेटक्या वाक्यानें पुसून टाकलें. पुढें तेंच वाक्य इंग्रजी पत्रांत जातें, तेथेंही चिन्हांतच. आणि बाई आतां अस्खलित इंग्रजी बोलूं लागते. बातमीदारास घाई असते, हेतु वाईट नसतो, हें आम्ही जाणतों. तरी आमचें म्हणणें असें, कीं तेथें चिन्हें नकोत. आपल्या शब्दांत, तिच्या नांवानें, सरळ सांगावें. वाचकास निदान इतकें कळेल, कीं हें बातमीदाराचें मराठी आहे.

वर्गांत एकदां आम्हीं घरीं सकाळीं कोणी काय म्हणालें तें इंग्रजींत लिहावयास दिलें होतें. एका मुलीनें उठून विचारलें, “सर, आई तर वऱ्हाडीत बोलली. मी इंग्रजीत लिहिलं की ते तिचं राहत नाही. मग चिन्हं कशी लावू?” व्याकरणाच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकांत हा प्रश्न आम्हीं पाहिला नव्हता. तिची आई म्हणाली होती, “मी वावरात जातो, भाकर झाकून ठेवली हाये.” वऱ्हाडी बाई स्वतःविषयीं ‘जातो’ म्हणते, पुस्तकी मराठीप्रमाणें त्याचें ‘जाते’ केलें, तर एका मात्रेंत ती आई पुण्याची होते. मग इंग्रजीचें तर बोलावयासच नको.

आम्हीं तिला सांगितलें, कीं भाषांतर चिन्हांत घालण्याची रूढि आहे, आणि तें भाषांतर आहे हें वाचकास आधीं सांगितलेलें असेल तर त्यांत फसवणूक नाहीं. ग्रंथकार तसें करतात. पण ज्यास तें रुचत नाहीं त्याच्यासाठीं ‘दॅट’चा मार्ग मोकळा आहे. तिनें दुसरा मार्ग घेतला. आई काय म्हणाली तें तिनें ‘दॅट’ घालून, ‘शी’ आणि ‘हॅड’ यांचे नियम पाळून, साध्या इंग्रजींत लिहिलें; आणि त्यांत फक्त एक शब्द जसाच्या तसा चिन्हांत ठेविला: “वावर”. त्याला इंग्रजी प्रतिशब्द नाहीं असें नव्हे. परंतु ‘फील्ड’मध्यें चेंडूही खेळतात, वावरांत राबतात. सर्व उत्तरांत तिच्या आईचा असा तोच एक शब्द होता, आणि चिन्हें त्याच्याभोंवतींच होतीं.

तेव्हांपासून आम्ही या धड्याला नियमांची यादी देत नाहीं. दोन प्रश्न देतों. हे शब्द कोणाचे? आणि ते असेच होते काय? दोहोंचीं उत्तरें ज्याच्याजवळ आहेत, त्यानें खुशाल चिन्हें उघडावीं, आणि जेथें त्या माणसाचें बोलणें संपतें तेथें आठवणीनें मिटावीं. कारण मिटावयाचें विसरलें, तर आपलें सगळें पुढचें बोलणें दुसऱ्याच्या माथीं जातें. पहिल्याचें उत्तर आहे पण दुसऱ्याचें नाहीं, त्यानें ‘दॅट’ लिहावें. आणि दोन्हींचीं उत्तरें नसतील, तर ‘असें म्हणतात’ लिहावें; त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. रावेरीच्या आजीची भाषा ती हीच.